एक वाजवून बघू

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. तो ओसरल्यावर मामाच्या गावी गेलो. मोहोळ तालुक्यातलं, नदीपासून हाकेच्या अंतरावरचं गाव. फाट्यावर उतरलो तिथूनच वास सुरू झाला. कुजलेला कडबा, डिझेल, कुठंतरी मेलेलं जनावर आणि या सगळ्यावर पसरलेला गाळाचा कोंदट, गोडसर वास. लोकांनी घरं अक्षरशः उलटी करून बाहेर काढली होती. कुणाच्या ओट्यावर फुगलेली दप्तरं, कुणाच्या पत्र्यावर गोधड्या, मारुतीच्या पारावर बँकेची पासबुकं ओळीनं मांडून प्रत्येकावर एकेक खडा ठेवलेला. मामाच्या गच्चीवर तूर पसरली होती, तिच्या शेजारी पोत्यावर गहू, आणि पलीकडे, पोरांचा हात पोचू नये म्हणून उंच खाटेवर, दुनळी बंदुकीची काडतुसं. लाल, जाडजूड, पितळी बुडाची. खडकीच्या कारखान्यातली.

गव्हाला मोड आले होते. तुरीवर पांढरी लव धरली होती. पासबुकातली शाई या पानावरून त्या पानावर गेली होती. काडतुसांना मात्र काही म्हणजे काही झालेलं दिसत नव्हतं. मामीनं ओल्या फडक्यानं त्यांचा गाळ पुसला होता आणि उन्हात त्यांची पितळं चकाकत होती. मामानं त्यातलं एक उचललं, कानाशी नेऊन हलवलं, आतले छर्रे जरासे कुरकुरले. "पाणी उतरंस्तोवर कपाटातच होती की रे. पण बघ, हाय का काय झालेलं? एक वाजवून बघू. वाजलं म्हंजे बाकीची बी चांगली."

मी नको म्हणालो. का नको, ते मात्र धड सांगता येईना, आणि हेच मनात घोळत राहिलं.

मामाचं म्हणणं काही येड्यासारखं नव्हतं. आपण आंब्याच्या पेटीतला एक कापून बघतोच. ज्वारीच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे वर काढतो आणि पोत्याचा भाव करतो. काडतूस मात्र कापून बघता येत नाही. ते चांगलं होतं हे कळायचा एकच मार्ग, ते उडवणं. आणि उडवलं की हातात पुंगळी उरते. बाकीच्यांबद्दल ती पुंगळी काय सांगणार?

बाराबोरचं काडतूस म्हणजे तसं साधं प्रकरण. प्लास्टिकची नळी, तिला पितळी बूड, बुडाच्या मधोमध टोपी. टोपीत अगदी थोडी स्फोटक पूड, ठोक्यानं पेटणारी. तिच्यावर दारू, दारूवर बूच, बुचावर छर्रे, आणि वरचं तोंड चुण्या घालून मिटलेलं. पाणी शिरायच्या वाटा दोनच. एक या चुण्यांमधून, दुसरी टोपीच्या कडेनं. फौजेच्या रायफलीची काडतुसं करताना या दोन्ही जागी वार्निशासारखा लेप देतात, म्हणून ती ओलीला पुष्कळ दाद देत नाहीत. शिकारीच्या काडतुसांचे एवढे लाड सहसा कुणी करत नाही. तरी प्लास्टिक आल्यापासून बरं आहे. मामाच्या वडिलांच्या वेळी कागदी नळीची काडतुसं असत. ती भिजली की फुगायची आणि बंदुकीच्या नळीत शिरायचीच नाहीत. एका अर्थी तीच प्रामाणिक. बिघडलो म्हणून तोंडावर सांगायची. ही लाल प्लास्टिकची काहीच सांगत नाहीत.

आतली दारूही पूर्वीची राहिलेली नाही. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, त्यात बारा आणे सोरा. सोरा पाण्यात विरघळतो. एकदा भिजलेली काळी दारू वाळवली तरी तिचं पहिलं रूप परत येत नाही, कारण सोरा पाण्यासोबत दाण्यातून सुटून भलतीकडेच जाऊन बसतो. आताची बिनधुराची दारू पाण्यात विरघळत नाही. ओली असताना पेटत नाही किंवा अर्धवट पेटते, एवढंच. हे 'अर्धवट' सगळ्यात वाईट, पण त्याकडे नंतर येतो.

प्लासीची लढाई शाळेत सगळ्यांनी घोकली आहे. मीर जाफरची फितुरी लक्षात राहते, दुपारची सर राहत नाही. २३ जून १७५७ ला भर दुपारी पाऊस कोसळला. आंबराईत दबा धरलेल्या इंग्रजांनी आपल्या दारूगोळ्यावर ताडपत्र्या ओढल्या. नवाबाच्या तोफखान्याची दारू उघड्यावर भिजली. नवाबाचा सरदार मीर मदन, त्याला वाटलं, आपली भिजली तशी त्यांचीही भिजली असणार, आणि तो घोडदळ घेऊन चालून गेला. समोरच्या तोफा कोरड्या होत्या. तो तिथंच जबर जखमी होऊन पडला. फितुरीनं लढाई गेली हे खरंच, पण त्या माणसाचा घात केला तो या हिशेबानं. मामाचा हिशेबही त्याच जातीचा आहे, एकावरून दुसऱ्याचं ठरवायचं.

दुसरी हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मे १८४१, इंग्रजांचं चीनशी पहिलं अफू-युद्ध, कँटनच्या बाहेर. मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी वादळी पावसात वाट चुकून मागे राहिली. भाताच्या चिखलात उभे आपले शिपाई, हातात चकमकीच्या बंदुका, भोवती भाले आणि शेतीची अवजारं घेतलेले गावकरी. घोडा दाबला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी पडते, पण कानातली, म्हणजे ठिणगी पडते त्या वाटीतली, दारूच ओली, मग पेटणार काय? हातातली बंदूक बायोनेटची काठी होऊन बसली. त्यांना शोधायला ज्या दोन कंपन्या पाठवल्या, त्यांच्याकडे नव्या टोपीच्या बंदुका होत्या. त्या भर पावसात उडाल्या आणि तुकडी सुटली. खरं तर चकमक आणि टोपी यांतला फरक इंग्लंडात १८३४ मध्येच मोजून झाला होता. दोन्हींचे सहा-सहा हजार बार काढले. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फुसकी गेली, टोपीची ३६ वेळा. आकडे हाती असूनही मद्रासच्या शिपायाच्या खांद्यावर जुनीच बंदूक होती. नव्या वस्तू कुणाला आधी मिळतात, हे काही दारूगोळ्यापुरतंच नाही.

टोपीमागची मूळ युक्ती कुणा सेनापतीची नाही, ती एका स्कॉटिश पाद्र्याची. अलेक्झांडर फोर्साइथ त्याचं नाव. त्याला पाखरं मारायचा नाद होता. चकमकीचा भडका बघून पाखरं आधीच उडून जायची, म्हणून ठोक्यानं पेटणारी पूड वापरायची युक्ती त्यानं काढली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पावसातही बंदूक चालू लागली हा वरकड नफा.

आणि १८५७? ज्या चरबीवरून एवढा वणवा पेटला, ती चरबी तिथं होतीच मुळी घाण आणि ओल यांच्यासाठी. दारूची काजळी बसलेल्या नळीतून गोळी खाली सरकावी आणि कागदी काडतुसाला दमट हवा लागू नये, एवढाच तिचा उद्योग. काडतूस कोरडं ठेवायची धडपड कुठल्या कुठं जाते.

आमच्या सोलापूरच्या पावसाची तऱ्हा निराळी. जून-जुलैत कोकण बुडत असतं तेव्हा इथं आभाळाकडे बघून मान दुखते. खरा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. काळी माती फुगते, भेगा मिटतात, बुटाला चार-चार किलोचा चिखल चिकटतो. आणि लगेच नवरात्र. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची ती लहानपणापासून बघत आलो. घरात तलवार नसली तर विळा-कोयता, गिरणीतल्या माणसाकडे धोटा, आता मोटारसायकलसुद्धा. देवाधर्माचा भाग बाजूला ठेवून बघितलं तर ही वर्षाची तपासणीच. पावसाळाभर छावणीत पडून राहिलेली हत्यारं बाहेर काढायची, गंज बघायचा, तेल द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. पावसाळ्यात मोहिमा बंद असायच्या त्याला नद्या, चिखल, चारा, पेरण्या अशी सतरा कारणं. त्यांतलं एक कारण दारूच्या बुधल्यातही होतं. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला आला, गांधी जयंतीच्या दिवशी. आदल्या दिवशी खंडेनवमी, आणि मामाची दुनळी अजून गाळानं माखलेली.

ती साफ करायला शेजारच्या काकांना सोबत घेऊन गेलो. काका राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले. कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, बरीच वर्षं काढलेली. त्यांच्या पिशवीत फुलथ्रू होतं. एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला फासे असलेली दोरी. फाशात फ्लॅनेलची चिंदी अडकवायची, वजन नळीत सोडायचं आणि एका दमात ओढायचं. मामा तेलाची बाटली घेऊन तयारच होता. काकांनी मागितलं पाणी.

"पाणी? अजून पानी?" मामा बघतच राहिला.

"गाळावर तेल घालू नका ओ. कणकण आत घासत बसंल. आधी स्वच्छ पाणी, मग उकळतं, मग कोरडं, तेल सगळ्यात शेवटी." काकांनी बंदूक मधून उघडली. कपाटात ती नळ्या वर करून उभी होती, त्यामुळे पाणी आत राहिलं होतं आणि तळाशी गाळ बसला होता. डाव्या नळीतून आधी पाणी आलं, मग करडा घट्ट गोळा, त्यात उसाच्या पाचटाचा बोटभर तुकडा. हा गोळा बघून काका पहिल्यांदाच गंभीर झाले. नळीत एवढा चिखल असताना बार काढला तर कोंडलेला वायू पुढे जाणार कुठं? नळी तिथं फुगते, नाहीतर फाटते. डावा हात नेमका तिथंच असतो. मग उकळतं पाणी. नळ्या इतक्या तापल्या की फडक्यानं धराव्या लागल्या, आणि त्या उष्णतेनंच आतली ओल उडून गेली. पहिली चिंदी तपकिरी, दुसरी कमी तपकिरी, नंतरची करडी, शेवटी पांढरी. पांढरी आल्यावर त्यांनी नळी आभाळाकडे धरली आणि मला म्हणाले, बघा. आत लखलखीत. फक्त मागच्या बाजूला, जिथं काडतूस बसतं, तिथं गंजाचं एक बारीक कडं.

उकळत्या पाण्याची ही रीत जुनी, थ्री नॉट थ्रीच्या जमान्यातली. त्या काळच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचा क्षार नळीत मागे राहतो, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाझर सुटतो तसा तो हवेतली ओल ओढून घेतो. वरून कितीही तेल चोपडा, क्षार तेलात विरघळत नाही. खालून गंज चालूच. त्याला पाणीच लागतं. म्हणजे पावसात न नेलेली, फक्त कोरड्या दिवशी चार गोळ्या झाडून ठेवून दिलेली रायफल भिजलेल्या रायफलीपेक्षा आधी खराब होऊ शकते. मला हे ऐकून गंमत वाटली. काकांना नाही वाटली. कोतात या एका कारणापायी पोरं शिक्षा खाताना त्यांनी बघितली आहेत. थ्री नॉट थ्रीच्या दस्त्यातच, बुडाच्या झाकणाआड, फुलथ्रू आणि तेलाची पितळी बाटली ठेवायला जागा असे. सफाई करणारा माणूस धरूनच ती बंदूक बनवलेली.

हा माणूस विसरला की काय होतं ते अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये बघितलं. नवी हलकी एम-१६ रायफल. हिला फारशी सफाई लागत नाही अशी हवा. काडतुसातली दारू बदलली, ती जास्त काजळी धरू लागली. काडतूस बसतं त्या पोकळीला क्रोमचा मुलामा नव्हता. सफाईचं सामान पुरेसं पोचलं नव्हतं. दमट रानात त्या पोकळीला गंजाचे खड्डे पडले, उडालेली पुंगळी आत रुतून बसू लागली आणि पोरं लढाईच्या मध्यात नळीच्या तोंडातून सळई घालून ती मागे ढकलत बसली. १९६७ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीनं चौकशी केली. मग क्रोमचा मुलामा आला, सफाईची पेटी आली, सफाई शिकवणंही आलं. मामाच्या दुनळीतलं ते बारीक कडं नेमकं त्याच जागी होतं, म्हणून मला हे सगळं आठवत राहिलं.

अशा गप्पांत कुणीतरी कलाश्निकोव्हचं, म्हणजे एके-४७ चं, नाव काढतंच. चिखलात पुरा, काढा, झाडा. काकाही त्या बंदुकीचे भक्त. तिच्या भागांमध्ये मोकळी जागा ठेवलेली आहे आणि आतला दांडा जड आहे; थोडी वाळू, थोडी काजळी शिरली तरी तो ती रेटून पुढे जातो, हे खरंच. पण सैल बंदुकीत घाण शिरतेही सहज. खटका खाली केला की तिच्या अंगावर एक लांब फट उघडी पडते, आणि ओला चिखल तिथून आत गेला की ती पण अडून बसते. उलट घट्ट मिटलेली बंदूक चिखल मुळात आत येऊच देत नाही. सुकी धूळ आणि ओला चिखल हे दोन वेगळे शत्रू आहेत, आणि लोक कौतुकाच्या भरात दोघांना एका पोत्यात घालतात. काकांना हे पटलं नाही. "आमची कधी अडली नाही," म्हणाले. त्यांच्या कोतात अडणार कशी? काका स्वतःच होते ना तिथं. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, बेल्जियममधल्या पॅशनडेलच्या चिखलात गोरे शिपाई रायफलीच्या पाठीवर कापडी आवरणं बांधून हिंडले. कॅनडाच्या फौजेची रॉस रायफल नेमबाजीला नामी, पण खंदकात अडायची, म्हणून वर्षभर आधीच तिच्या जागी ली-एनफिल्ड दिली होती. नेम चांगला की भरवसा चांगला, हा वाद तिथं चिखलानंच मिटवला.

हे सगळं मी चवीनं सांगतोय, हे मलाही दिसतं. बंदुकीच्या यंत्राबद्दल वाटणारी ही ओढ मला पुरती आवडत नाही. सोलापुरात वाढलेल्या माणसाला तर नाहीच आवडू. ८ मे १९३० ला याच गावात जमावावर गोळीबार झाला, १२ तारखेला मार्शल लॉ लागला, आणि पुढच्या १२ जानेवारीला स्वातंत्र्यलढ्यातल्या आपल्या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या चार पुतळ्यांजवळून मी रोज जातो. मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे ओठ फुटणारी कोरडी हवा. त्या दिवशी कुणाची दारू ओली असायची शक्यताच नव्हती. बंदूक अडली नाही की मी म्हणतो भरवशाची. कुणाच्या भरवशाची, हे त्या वाक्यात येत नाही.

तर, 'एक वाजवून बघू.' काकांना विचारलं, त्यांनी कारखान्याची रीत सांगितली. काडतुसं घाण्यानं बनतात, एका घाण्यातली दारू एक, टोप्या एक. त्यातली काही उचलून उडवतात आणि त्यांवरून बाकीच्या हजारोंना पास करतात. म्हणजे मामा म्हणतो तेच. पण ते चालतं, कारण ती सगळी सारख्या स्थितीत असतात. पुरानंतर तसं राहिलं नाही. खोक्यातलं कोपऱ्यातलं काडतूस आडवं होतं, मधलं उभं होतं, एकाची चुणी सैल, एकाची टोपी घट्ट. प्रत्येकात पाणी आपापल्या मापानं गेलं. एक वाजलं तर ते एक वाजलं, इतकंच.

मामा तरी म्हणाला, "नाय वाजलं तर नाय वाजलं. दुसरं घालू."

इथं काकांचा आवाज चढला. न वाजलेलं काडतूस लगेच बाहेर काढायचं नसतं; ओली दारू कधी कधी धुमसते आणि मागाहून उडते. नळी मोकळ्या दिशेला धरून थांबायचं. आणि त्याहून वाईट ते अर्धवट. फुस्स असा बारका आवाज येतो, धक्का जाणवत नाही, बूच आणि छर्रे नळीतच अडकतात. माणूस म्हणतो गेलं वाया, दुसरं घालतो आणि चाप ओढतो. काकांनी बोलता बोलता आपल्या डाव्या हाताचा पंजा मामासमोर धरला, काही म्हणाले नाहीत. मामानं काडतुसं खोक्यात भरली. नंतर ती ज्याच्याकडून घेतली होती त्या परवानाधारक दुकानदाराकडे गेली.

पंचनाम्याला तलाठी आले तेव्हा म्हैस, भिंत, धान्य, भांडी असं सगळं लिहून घेतलं. काडतुसांना रकाना नव्हता. मामानं विचारलं सुद्धा, ते हसले. बंदूक शाबूत होती, पण परवान्याच्या पुस्तकाचा लगदा झाला होता आणि कागदाशिवाय ती बंदूक म्हणजे कटकटच, म्हणून मामाचे हेलपाटे अजून चालू आहेत. परवाना पीकसंरक्षणाचा आहे. नवी काडतुसं त्यानं घेतलेली नाहीत, महागही झाली आहेत. उसात रानडुकरं येतात ती येतातच. सध्या बांधाला मामीच्या जुन्या साड्या बांधल्या आहेत. काही दिवस त्यांना डुकरं बिचकतात, मग सरावतात, आणि साड्यांची जागा बदलावी लागते.